पाच खाटा हुरड्याला निघाल्या

आम्ही धनगर. आमच्यात लंगडणाऱ्या मेंढराला बसू देत नाहीत. बसलं की त्याचं अंग धरतं आणि मग ते कळपामागं राहून मरतं. म्हणून त्याला हाकत राहायचं, हे माझ्या बाला त्याच्या बानं शिकवलेलं.

माझी मुलगी भागू सातव्या वर्षी डाव्या पायानं लंगडायला लागली, तेव्हा बानं तिलाही तसंच चालवलं. पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि पाटोद्याच्या माळावर रोज मेंढरांमागं नेलं. ती रडायची. बा म्हणायचा, "रडू दे. जितकी चालंल तितका पाय मोकळा हुईल."

त्या साली मेंढरांत रोग शिरला होता. निम्मा कळप गेला. माझी बायको तुळसा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मी बीडला निजाम सरकारच्या मदरशात, म्हणजे शाळेत, शिकवायचो आणि पंधरा दिवसांतून एकदा, शुक्रवारच्या सुट्टीला, घरी यायचो. आलो की भागूचा पाय बघायचो, बाला विचारायचो, आणि बा सांगेल ते ऐकून परत जायचो. आठ महिने हे चाललं.

मी आमच्या वस्तीतला पहिला शिकलेला आणि पहिला बी.ए. मेंढरं राखत शिकलो, हैदराबादेला लोकांच्या घरी पाणी भरून शिकलो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण इथं सांगायचं कारण दुसरं आहे. मी बी.ए. होतो, शरीरशास्त्राचे धडे मुलांना शिकवत होतो, आणि तरी माझ्या मुलीला आठ महिने चालवत ठेवलं. दुसऱ्यांवर रागवायच्या आधी हे लिहून ठेवतो.

शेवटी मांडीच्या वरच्या अंगाला गळू आलं. दुखत नव्हतं, गरमही नव्हतं. तेव्हा कुठे मी तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. दवाखाना आमच्याच जिल्ह्यातला, एका देणगीदारानं बांधलेला. नाव लिहीत नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी भागूला फळीवर निजवलं, पाय हळूच हलवून पाहिला, आणि इंग्रजीत म्हणाले, "टी.बी. ऑफ द हिप जॉइंट." मग मला मराठीत समजावलं. खुब्याच्या सांध्याला क्षय झाला होता. क्षय फक्त छातीचाच असतो असं नाही, तो हाडातही बसतो. ते गळू म्हणजे 'कोल्ड ॲबसेस', क्षयाचा थंड पू.

मग त्यांनी विचारलं, "हिला चालवत कोण होतं?"

"आम्ही."

"हा सांधा हलला की झिजतो. याला फक्त विश्रांती पाहिजे. वर्षभर निजून. ऊन, दूध, पोटभर जेवण. याला दुसरं औषध माझ्याजवळ नाही."

बा दाराशी उभा होता. तो बाहेर जाऊन गाडीच्या जुवावर बसला आणि बैल सोडायचे तसेच राहिले.

भागूला मुलांच्या खोलीत ठेवलं. पायाला पट्ट्या चिकटवून त्यांना दोरी बांधली, दोरी खाटेच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडली आणि टोकाला वाळूची पिशवी टांगली. याला 'ट्रॅक्शन' म्हणतात. म्हणजे पायाला सतत ओढ देऊन सांध्यातली हाडं एकमेकांवर घासू न देणं. बघायला फार क्रूर दिसतं. पहिल्याच दिवशी तुळसा ती पिशवी सोडवायला निघाली होती. तुमच्या लेकराला असं बांधलं तर घाबरू नका. आठवड्याभरात दुखणं कमी होतं.

खोलीत सहा मुलं होती. सगळ्यांना हाडांचाच क्षय. भागूच्या उजवीकडे हुसेन, पिंजाऱ्याचा मुलगा. त्याच्या पाठीचा कणा धरला होता म्हणून तो कायम पालथा. डावीकडे दगडू, पाच वर्षांचा, दोन्ही पायांनी गेलेला. खोलीला मोठ्या खिडक्या होत्या आणि त्या बंद असत.

बंद का, असं मी विचारलं. "धूळ येते," असं व्यवस्थापक म्हणाले.

या गृहस्थांबद्दल मला लिहिलंच पाहिजे. ते डॉक्टर नव्हते. देणगीदाराचे नातलग होते, आणि दवाखान्याच्या भिंतीपासून भातापर्यंत सगळ्यांवर त्यांचा हुकूम चाले. त्यांचे नियम दारावर उर्दूत आणि मराठीत लिहिलेले होते. आईबापांनी फक्त शुक्रवारी, एक तास भेटायचं. बाहेरचं अन्न आणायचं नाही. मुलांनी आवाज करायचा नाही. डॉक्टर ऊन पाहिजे म्हणायचे, व्यवस्थापक धूळ म्हणायचे, आणि धूळच जिंकायची. हाडाच्या क्षयाला ऊन लागतं हे डॉक्टरांच्या पुस्तकात होतं. मी ते पुस्तक मागून घेऊन वाचलं. व्यवस्थापकांना नेऊन दाखवलं, तर म्हणाले, "मास्तर, मेंढरं हाकणाऱ्यांनी आम्हाला दवाखाना शिकवू नये."

मी उत्तर दिलं नाही. माझी मुलगी त्यांच्या ताब्यात होती. असं गप्प बसणं काय असतं, हे ज्याचं माणूस दवाखान्यात आहे त्यालाच कळेल.

दिवाळीनंतर एका शुक्रवारी त्यांनी मुलांसाठी पार्टी ठेवली. शब्द त्यांचाच. एक मोठे जमीनदार आले, सोबत पंधरा-वीस माणसं. मुलांचे चेहरे पुसून ठेवले होते. साहेबांना बघून सलाम करा, असं आधी शिकवलं होतं. पेढे आले ते प्रत्येकाच्या पोटावर ठेवले, पालथ्या हुसेनच्या पोटाशी सारला, कारण मुलं निजलेली. भागूला कुणीतरी खांद्याला धरून बसतं केलं, साहेबांना तोंड दिसावं म्हणून. वाळूची पिशवी उडाली आणि ती किंचाळली. जमीनदार म्हणाले, "अरे अरे," आणि पुढच्या खाटेकडे गेले. मग भाषण झालं. गरिबांच्या लेकरांना आज आनंद मिळाला, असं भाषणात होतं. ते गेल्यावर हुसेननं पोटाखाली दबलेला पेढा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मास्टर, तुम खाव. मेरेकू नको." भागूचा पाय त्या धक्क्यानं पुन्हा तीन आठवडे दुखत राहिला.

मार्गशीर्षात दगडू गेला. मंगळवारी गेला. त्याची माय मुक्ता शुक्रवारी आली, ओटीत बोरं घेऊन. दारावर तिला सांगितलं. तीन दिवस तिला कुणी निरोप धाडला नव्हता. गाव चार कोसांवर होतं. मी त्या वेळी फाटकाजवळ उभा होतो. ती रडली नाही. फक्त विचारत राहिली, "त्याला काय खाऊ घातलं? शेवटी काय खाल्लं त्यानं?" हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्यासाठी एक माणूस धाडणं या दवाखान्याला जड झालं होतं, आणि पेढ्याची टोपली मात्र बैलगाडीतून आली होती.

दगडूला त्याच्याच खाटेवरून नेलं होतं. चार नोकरांनी खाट खांद्यावर घेतली आणि सगळ्या मुलांच्या डोळ्यांसमोरून दारातून बाहेर काढली. मधे पडदासुद्धा धरला नाही.

त्यानंतर भागू खाईना. कण्या तशाच, दूध तसंच. दोन घास भरवले तर बाहेर काढायची. चौदा-पंधरा दिवसांत तिच्या बरगड्या मोजता येतील इतक्या वर आल्या. गळू फोडून पू काढला होता, ती जखम भरेना. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सरळ सांगितलं, "हाडाचा रोग आवरता येईल. पण शरीरात काही गेलंच नाही तर जखम कशानं भरणार? असंच चाललं तर महिनाभरही निघणार नाही. तिला खायला लावा. कसं, ते मला ठाऊक नाही."

कसं ते मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या हातात आठवड्यातला एक तास होता.

त्याच दिवशी फाटकापाशी चंद्राबाई भेटली. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून तिचं रान. नवरा वारल्यापासून एकटीनं करते. ज्वारी हुरड्यात आली होती. मचाणावरून तिच्या बाया पाखरं हाकायच्या.

"मास्तर, लेकरं कावून गप झाली?" तिनं विचारलं.

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तिच्या बाया पाखरांवर हाळी घालायच्या तेव्हा बंद खिडक्यांच्या आतून मुलं हाळी द्यायची. बरेच दिवस हा खेळ चालला होता. मुलांना आवाज करायची बंदी होती, हे तिला माहीत नव्हतं.

"आता पंधरा दिस झाले, आतून आवाजच न्हाई. माज्या बाया म्हंत्यात, मेली का काय सगळी?"

मी तिला दगडूचं सांगितलं. भागूचं सांगितलं. ती मग म्हणाली, "हुरडा खायला घिऊन या त्यास्नी. माज्या रानात. खाटंसकट आणा. गुळभेंडी जवारी हाय, लई गोड."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मूठभर खाल्लं तर चालेल, आणि ऊन मिळेल ते वेगळंच. फक्त ट्रॅक्शनचं वजन हलता कामा नये. व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, बाहेरचं अन्न बंद आहे, आणि दुसरं म्हणजे एवढी माणसं जमवायची तर तहसिलीची इजाजत लागेल. त्यांना वाटलं, इथं मी अडेन. मी त्यांच्याच मेजावर बसून उर्दूत अर्ज लिहिला. माझी उर्दू त्यांच्यापेक्षा चांगली होती, हे त्यांनी वाचताना मी बघितलं. तहसिलीतून उत्तर आलं की मुलांनी कणसं खाण्यास हरकत नाही, मात्र तकरीर होऊ नये. तकरीर म्हणजे भाषण. आजारी मुलांच्या हुरड्यात भाषण होऊ नये म्हणून सरकारनं एक पोलीस जवान धाडला. जमीनदाराच्या भाषणाला कुणी जवान धाडला नव्हता.

अन्नाची जबाबदारी डॉक्टरांनी स्वतःवर घेतली आणि तसं लिहून दिलं. व्यवस्थापकांनी कागद तीनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

पौषातला शुक्रवार ठरला. माझ्या मदरशातून बाहेर पडलेली, तालमीत जाणारी वीस जवान पोरं खाटा उचलायला आली. कुणी रेवड्या आणल्या, कुणी पतंग. सकाळी दहाला खोलीत शिरली. खाटेच्या चारी बाजूंना चौघं उभी राहिली आणि एका दमात त्यांनी भागूची खाट खांद्यावर घेतली.

भागू ओरडली. ते ओरडणं मी लिहू शकत नाही.

"मी मेले न्हाई! आण्णा, मी मेले न्हाई अजून! कावून उचलता मला?"

आण्णा म्हणजे मी. हुसेननं चादर डोक्यावरून ओढून घेतली. बाकीची मुलंही रडायला लागली. पोरांनी खाट खाली ठेवली आणि एकमेकांकडे बघत राहिली.

वीस पोरांना, मला, डॉक्टरांना, कुणालाच हे सुचलं नव्हतं. चार गडी आणि खाट. त्या खोलीतून याआधी खाट फक्त एकदाच बाहेर गेली होती.

व्यवस्थापक दारात उभे होते. म्हणाले, "झालं समाधान? आता पुरे करा हा तमाशा."

मी त्यांना काय बोललो असतो, देव जाणे. पण त्यांच्या मागून एक बाई आत आली आणि त्यांना ओलांडून पुढे गेली. ती मुक्ता होती, दगडूची माय. त्या दिवसांत ती चंद्राबाईच्या रानात राखणीच्या कामाला लागली होती, हे मला माहीतच नव्हतं. ती भागूच्या खाटेपाशी उकिडवी बसली.

"ए भागे. माज्या दगडूची खाट गड्यांनी नेली. गडीच नेत्यात. बायांनी खांदा दिल्याला कदी बगितलाय का?"

भागूनं हुंदके देत मान हलवली. नाही.

"मंग. मी उचलते. खांद्यावर न्हाई, कंबरंवर. पान्याची घागर नेतो तशी. चाललं का?"

भागूनं हातानं डोळे पुसले. मग म्हणाली, "हाळूच."

मुक्तानं दाराबाहेर हाक मारली. चंद्राबाई आणि रानातल्या बाया आत आल्या, हाताला माती, पदर खोचलेले. व्यवस्थापक "अहो, अहो" म्हणत होते. चंद्राबाई म्हणाली, "सरका सायेब, न्हाई तर तुमालाबी उचलून न्यावं लागंल." पोरं हसली. हुसेनची चादर थोडी खाली आली.

बायांनी खाट कमरेवर घेतली. वाळूची पिशवी हलू नये म्हणून कुणीतरी हातात धरायला हवी होती. मी पुढे झालो, तर बानं मला बाजूला सारलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपला आपण आला होता. त्यानं ती पिशवी दोन्ही हातांत घेतली, कोकरू धरतात तशी, आणि भागूच्या पायाकडे बघत उलटा उलटा चालायला लागला. वाटेत एका पोरानं मधे दगड लाथाडला तर बा त्याच्यावर खेकसला, "हळू बे! दिसत न्हाई का, पाय हाय तो!"

एक खाट पोचवून बाया दुसरीला परत आल्या. पाचही खाटा तशाच गेल्या.

रानात आगटी पेटली होती. शेणी जळून लाल झाल्या होत्या, आणि वर कणसं भाजत होती. खाटा आगटीभोवती उन्हात मांडल्या. मी ताटलीत चार दाणे घेऊन भागूपाशी गेलो. तिनं तोंड फिरवलं. पुन्हा गेलो. पुन्हा फिरवलं. एवढं सगळं करून तिथंच येऊन थांबलो होतो.

चंद्राबाईनं माझ्या हातातली ताटली काढून घेतली. "मास्तर, तुमी बाजूला व्हा. खाऊ घालून घालून लेकरास्नी नकोसं केलंय तुमी." मग तिनं एक भाजलेलं, वाफ निघणारं कणीस भागूच्या हातावर ठेवलं. "पाय बांधलाय तुजा, हात न्हाई बांधले. चोळ की. आमाला खाऊ घाल. सकाळधरनं उपाशी हाव आमी."

भागू लहानपणापासून हुरडा चोळत आलेली. हात पोळला तसा तिनं कणीस या हातातून त्या हातात टाकलं, फुंकर घातली आणि चोळायला लागली. हिरवे दाणे तळहातावर पडले. तिनं फोलपटं फुंकून उडवली आणि हात पुढे केला. मुक्तानं पहिली मूठ घेतली. खाल्ली.

"मीठ पायजे," मुक्ता म्हणाली.

"तुमीच लावा की," भागू म्हणाली. सकाळचं ओरडणं सोडलं तर गेल्या तीन आठवड्यांत मी तिचं इतकं मोठं वाक्य ऐकलं नव्हतं.

मग सगळ्याच मुलांना कणसं दिली. हुसेन पालथा, त्याचे दोन्ही हात मोकळे. तो सगळ्यांत जोरात चोळायचा. त्या जवानाला त्यानं हाक मारली, "मियाँ, इधर आव. तकरीर नै करते हम. खाव." जवान आधी लाजला. मग काठी बाजूला ठेवून खाटेपाशी मांडी घालून बसला. "लेकरांनो, आज पाव्हणे तुमी न्हाई, आमी हाव," असं चंद्राबाई म्हणाली, आणि खरंच तसं झालं. डॉक्टर, तालमीची पोरं, बाया, मी, सगळे त्या पाच खाटांपुढं हात पसरून उभे होतो, आणि मुलं ठरवत होती कुणाला किती द्यायचं. "तुमी दोनदा घेतलं," असं म्हणून भागूनं एका पैलवानाला परत पाठवलं.

आणि मधेच कधीतरी, कुणी बघत नाही असं वाटून, तिनं एक मूठ स्वतःच्या तोंडात टाकली. बानं बघितलं. त्यानं माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली, बघू नको म्हणून. मी आगटीकडे तोंड करून उभा राहिलो. धुराचं निमित्त बरं होतं.

त्या संध्याकाळी तिनं ताटलीतल्या कण्या संपवल्या. दुसऱ्या दिवशी दूध घेतलं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी वजन केलं तर वाढलेलं होतं, आणि जखम कडेनं भरत होती.

हुरड्यानं क्षय बरा होत नाही. असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, माझ्या नावावर तर मुळीच ठेवू नका. क्षयाला विश्रांती लागते, ऊन लागतं, अन्न लागतं आणि महिनोन् महिने लागतात. तुमचं लेकरू लंगडत असेल तर त्याला चालवू नका, डाग देऊ नका, ओढू नका. डॉक्टरकडे न्या. आणि ज्यांना आजारी मुलांसाठी पार्टी करायची हौस आहे त्यांनाही सांगतो. त्यांच्या पोटावर पेढे ठेवून स्वतःचं तोंड दाखवू नका. त्यांचे हात मोकळे आहेत का ते आधी बघा.

डॉक्टर आणि मी मिळून देणगीदाराला पत्र लिहिलं, व्यवस्थापकांना न विचारता. मुक्ताला तीन दिवस निरोप गेला नव्हता, ही गोष्ट त्यात होती. उत्तर यायला दोन महिने लागले, पण आलं. तेव्हापासून त्या दवाखान्यात मुलांच्या खाटा रोज सकाळी बाहेर उन्हात काढतात. ते काम दोन बाया करतात, आणि लेकरांच्या आयांना रोज आत सोडतात.

त्या पाचांतली चार मुलं आपल्या पायांनी घरी गेली. पाचवा हुसेन. तो कमरेला पट्टा बांधून बसतो आणि बापाबरोबर कापूस पिंजतो.

भागू चौदा महिन्यांनी घरी आली. डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. ती चालते.